दम लागायच्या आधीची फुंकर: बेळगाव भागातून पहिल्यांदा पीएफटीला, म्हणजे फुफ्फुसांच्या फुंकायच्या टेस्टला, जाणाऱ्यांसाठी

मावशींनी नळी तोंडात धरली आणि इतकी हळू, लांब फुंकर मारली की पडद्यावरची रेघ जागची हललीच नाही. "मावशी, जोरात," मी म्हटलं. त्यांनी नळी बाजूला केली आणि मलाच समजावलं, "जोरात फुंकलं की राख डोळ्यात येते बाई. फुंकणी अशीच धरायची असते."

चूक त्यांची नव्हती, माझीच होती. निपाणीकडच्या बाई, अर्धं आयुष्य तंबाखूच्या वखारीत चाळण मारण्यात आणि उरलेलं चुलीपुढं गेलेलं. 'फुंका' म्हटल्यावर त्यांना फुंकणीच आठवणार. तेव्हापासून प्रत्येक बाईला मी आधीच सांगते: फुंकणी विसरा, वाढदिवसाच्या मेणबत्त्याही विसरा. पहिल्या क्षणाला फटाका फुटल्यासारखी हवा बाहेर आली पाहिजे, आणि मग तळ लागेपर्यंत थांबायचं नाही.

फुंकण्याची ही तपासणी घेणं हेच माझं काम. कागदावर हिचं नाव स्पायरोमेट्री, बेळगावात सगळे पीएफटी म्हणतात आणि खेड्यातून येणारे 'फुंकायची टेस्ट'. रक्त-लघवीच्या तपासणीत तुम्हाला काही करायचं नसतं, इथं मात्र निम्मं काम तुमचं. तुम्ही नीट फुंकलं नाही तर लाखाचं यंत्रही खोटंच बोलतं. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

कुणी यायचं, आणि कधी

'दम लागायला लागला की बघू' हे वाक्य मी रोज ऐकते. गोष्ट अशी की दम लागायला लागतो तोवर बरंच गेलेलं असतं. फुफ्फुसात शिल्लक मोठी असते, त्यामुळं सुरुवातीची झीज कळतच नाही. शिवाय माणूस नकळत आपली चाल बदलतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला, असलेला माणूस जिना सावकाश चढायला लागतो, सायकल सोडून गाडी घेतो, शेतातला चढ लेकाला चढायला सांगतो. विचारलं तर म्हणतो, "मला कुठं काय त्रास आहे?" खरंच नसतो, कारण त्रास होईल असं काम त्यानं सोडून दिलेलं असतं.

पंचविशीच्या आसपास फुफ्फुसं पूर्ण भरात असतात. पुढं निरोगी माणसाचीही पहिल्या सेकंदाची फुंकर दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरनं कमी होत जाते. विडी-सिगारेट ज्यांना बाधते त्यांची घट याच्या दुप्पटही असते. वर्षाला पाच-सहा चमचे म्हणजे काहीच वाटत नाही, वीस वर्षांचा हिशेब केला की कळतं.

आता कुणी यायचं? वय पस्तिशी-चाळिशीच्या पुढं, आणि खोकला, सकाळी सकाळी बेडका पडणं, छातीत शिट्टी वाजणं, बरोबरीच्यांपेक्षा लवकर धाप लागणं यातलं एक जरी महिनोन्‌महिने असेल तर यायचं. विडी ओढता की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. आमच्या भागात न ओढणारेही कमी नाहीत या रांगेत. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्रीतली वाळू, खानापूरकडचे विटा-कौलांचे भट्टे, दगडाचे क्रशर, साखर कारखान्यातलं वाळलेलं चिपाड, गुऱ्हाळाच्या चुलवाणावरचा धूर, वडगाव-खासबागेतल्या मागांचा तंतू, गोकाक फॉल्सच्या गिरणीतला कापूस, निपाणीची तंबाखू. आणि बायकांच्या बाबतीत चूल. "आमच्याकडं गॅस आहे" असं ठामपणे सांगतात, पण पुढं विचारलं की कळतं, न्हाणीतलं पाणी अजून लाकडावरच तापतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ओलं सरपण पेटवायचं म्हणजे काय, ते ज्यांनी पेटवलंय त्यांना विचारा.

उलट बाजूही सांगते. काहीच लक्षण नाही, धुराधुळीचं काम नाही, तरी 'एकदा करून टाकू' म्हणून येऊ नका. लक्षणं नसलेल्या सगळ्यांनी सरसकट ही तपासणी करण्यात फायदा दिसत नाही, असंच अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटानं २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं. धुळीच्या कामावर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी कामाला लागतानाच एकदा करून घ्यावी, म्हणजे पुढची सगळी तुलना स्वतःशीच करता येते.

आधी थुंकी, मग फुंकर

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी. टीबीची तपासणी आणि औषधं तिथं फुकट आहेत. टीबीचा संशय असताना पीएफटी करत नाहीत. तुम्ही बंद खोलीत पूर्ण जोरानं श्वास सोडणार, आणि त्याच खुर्चीवर पुढचा माणूस बसणार.

आणखी कुणी थांबायचं? गेल्या आठवड्यात हार्ट अॅटॅक आलेल्यांनी. डोळ्याच्या किंवा कानाच्या ऑपरेशनला आठवडा न झालेल्यांनी. पोटाचं, छातीचं किंवा मेंदूचं ऑपरेशन होऊन चार आठवडे व्हायच्या आत. जोराच्या फुंकरीनं डोक्यात, छातीत, पोटात दाब वाढतो, एवढंच कारण. मोतीबिंदू काढून तिसऱ्या दिवशी आलेले एक काका होते, त्यांना मी परत पाठवलं तर रुसले. परत आले तेव्हा मात्र चहा आणून दिला.

आदल्या दिवशी

श्वासाचा पंप ओढत असाल तर डॉक्टरांना विचारून ठेवा की तो बंद ठेवायचा का. आजार आहे का हे शोधायचं असेल तर सालब्युटामॉलचा, म्हणजे लगेच आराम देणारा, पंप किमान चार तास आधी, दिवसातून दोनदा घ्यायचे लांब परिणामाचे पंप २४ तास, आणि टायोट्रोपियमसारखे ३६ ते ४८ तास आधी थांबवतात. औषध किती लागू पडतंय एवढंच बघायचं असेल तर काहीच थांबवायचं नसतं. मनानं ठरवू नका. आणि थांबवल्यावर धाप वाढली तर पंप घ्या, आम्हाला येऊन सांगा, तारीख बदलू. टेस्टसाठी कुणी कासावीस व्हायचं नाही.

तासभर आधी विडी नको, धावपळ नको. दारू आदल्या रात्रीपासूनच नको. पोटभर जेवून येऊ नका, उपाशीही येऊ नका. सैल कपडे घाला. नऊवारी घट्ट नेसलेल्या आजींना मी कासोटा थोडा सैल करायला सांगते, मग त्या हसतात आणि त्या हसण्यातच निम्मी भीती जाते. कवळी घट्ट बसत असेल तर राहू द्या, ओठांना आधार मिळतो. हलत असेल तर काढा.

उंची सांगू नका, चपला काढून मोजून घ्या. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरनं १८४६ मध्ये दोन हजारांवर लोकांना पाण्याच्या पिंपासारख्या यंत्रात फुंकायला लावलं आणि दाखवून दिलं की माणूस जितका उंच तितकी त्याच्या छातीत मावणारी हवा जास्त. आजचं यंत्रही तुमचं वय, उंची आणि स्त्री की पुरुष यावरून 'एवढं यायला हवं' हा आकडा काढतं. आधार कार्डावरचं वय चुकीचं असेल तर खरं वय सांगा, इथं पेन्शन अडत नाही. पाठीला बाक आलेल्यांचे दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजतात.

खोलीत काय होतं

बेळगावात एक अडचण हमखास येते, भाषेची. फॉर्म कन्नड किंवा इंग्रजी, आणि फुंकायला सांगणारी व्यक्ती कन्नड बोलणारी. फुंकर चुकते ती पुष्कळदा सूचना न कळल्यामुळं. चार शब्द कानात ठेवा. 'उसिरु तगोरी' म्हणजे श्वास घ्या. 'जोर ऊद्री' म्हणजे जोरात फुंका. 'इन्नू, इन्नू' म्हणजे अजून, अजून. 'निल्लसब्याड्री' म्हणजे थांबू नका. आणि नाहीच कळलं तर "मराठीत सांगा की" म्हणायला लाजू नका. इथं बहुतेकांना दोन्ही येतात, विचारलं की बोलतात.

खुर्चीवर ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. नाकाला चिमटा लावतात, दुखत नाही, फक्त घुसमटल्यासारखं वाटतं. नळी दातांच्या आत, जीभ खाली, ओठ चारी बाजूंनी घट्ट. ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटते तिथंच पुष्कळ चाचण्या वाया जातात. नळी आणि गाळणी तुमच्यासाठी नवी काढली का, बघून घ्या. नसेल तर मागा.

मग श्वास आत, पार खांद्यापर्यंत भरल्यासारखा. भरल्यावर रेंगाळायचं नाही, दोन सेकंदांच्या आत सोडायचा, धाडकन. आणि सोडत राहायचं. दोन-तीन सेकंदांत वाटतं की संपलं. संपलेलं नसतं. आम्ही बाजूला उभं राहून 'अजून, अजून, अजून' ओरडतो ते त्यासाठीच. रेघ आडवी होईपर्यंत फुंकायचं, पंधरा सेकंद झाले तर पुरे. शेवटी पुन्हा एकदा पूर्ण श्वास आत ओढायला सांगतात. पहिल्याच सेकंदात खोकला आला तर ती फुंकर बाद.

अशा निदान तीन चांगल्या फुंकरी लागतात, आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोघींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नसावा. आठ वेळा करूनही जमलं नाही तर त्या दिवशी थांबतात. चक्कर आल्यासारखं झालं तर लगेच सांगा. दोन फुंकरींत पाणी प्या, बसा, घाई नाही.

आता एक राग. एका कारखान्याच्या आरोग्य शिबिरातले कागद माझ्यापुढं आले होते. प्रत्येक कामगाराची एकच फुंकर, काहींची दोन सेकंदांत संपलेली, आणि खाली छापलेलं 'नॉर्मल'. त्यातला एकजण वर्षभर तो कागद दाखवून "मला काय झालेलं नाही" म्हणत होता. पुन्हा नीट फुंकायला लावलं तेव्हा रेघेनं वेगळंच सांगितलं. कागदावर किती फुंकरी झाल्या आणि चाचणीला ए ते एफमधली कुठली प्रत मिळाली ते बघा. ए-बी असेल तर भरवसा ठेवा. डी किंवा त्याखाली असेल तर त्यावर उपचार सुरू करण्याआधी टेस्ट पुन्हा मागा.

पहिला भाग झाला की सालब्युटामॉलचे चार झटके एकेक करून स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडलेल्या पोकळ नळकांड्यातून, देतात. पंधरा मिनिटं बसायचं आणि परत तेच सगळं. हात थोडे थरथरतील, छाती धडधडेल, ते उतरतं. ही दुसरी फेरी टाळू नका. "पहिल्यात झालं की" म्हणून बसच्या घाईत उठून जाणारे पुष्कळ. पण सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, आहे की नाही ते दुसऱ्या फेरीच्या आकड्यांवरच ठरतं. तिकडं चंदगड-गडहिंग्लजहून येणार असाल तर अर्धा दिवस काढूनच या.

कागद वाचायचा कसा

तीन आकडे शोधा. एफव्हीसी म्हणजे एका दमात बाहेर काढलेली एकूण हवा. एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात निघालेली. आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागून येणारं गुणोत्तर.

समजा ४६ वर्षांच्या फेटलरचा पंपानंतरचा कागद आहे. एफव्हीसी ३.५ लिटर, एफईव्ही-१ २.२ लिटर. गुणोत्तर ०.६३. हे ०.७० च्या खाली आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्यात, हवा बाहेर यायला अडते. पंपाआधी एफईव्ही-१ २.१ होता, म्हणजे औषधानं फार फरक पडला नाही. दम्यात बहुतेकदा मोठी उडी दिसते, सीओपीडीत अशी जेमतेम. मग एफईव्ही-१ यायला हवा होता त्या आकड्याच्या किती टक्के आला ते बघायचं: ८० किंवा जास्त म्हणजे सौम्य, ५० ते ७९ मध्यम, ३० ते ४९ तीव्र, त्याखाली अतितीव्र. याचा ७५ टक्के आला तर मध्यम. हा माणूस अजून भरल्या पोत्यासह चालतो, घरच्यांना काहीच कल्पना नसते.

०.७० ची रेघ सोपी आहे म्हणून सगळीकडं वापरतात, पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. वयानुसार गुणोत्तर आपोआप उतरतं. सत्तरीतल्या आजोबांचं ०.६८ त्यांच्या वयाला चालण्यासारखं असू शकतं, आणि तिशीतल्या पोराचं ०.७२ त्याच्या वयाच्या खालच्या मर्यादेला टेकलेलं असू शकतं. लवकर पकडायचं तर हाच पोरगा हातचा जाता कामा नये. म्हणून कागदावर 'खालची मर्यादा' किंवा झेड-स्कोअर (तुमच्या वय-उंचीच्या निरोगी माणसांच्या सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते) छापलाय का बघा. झेड-स्कोअर उणे १.६४ पेक्षा खाली गेला तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

गुणोत्तर चांगलं, पण एफव्हीसी आणि एफईव्ही-१ दोन्ही कमी? एक तर नीट फुंकलं नाही, किंवा फुफ्फुसं आकसलीत, किंवा पोट सुटलंय. इथं फुंकर पुरत नाही, फुफ्फुसातली एकूण हवा मोजणारी मोठी तपासणी लागते.

आकडे नको असतील तर चित्र बघा. निरोगी फुंकरीचा आलेख टोकदार चढतो आणि तिरक्या सरळ रेघेनं उतरतो. नळ्या अडलेल्या असतील तर उतार विळ्याच्या पात्यासारखा आत वळतो. एकदा दाखवलं की कामगार स्वतःच बोट ठेवतात, "हे बघा मॅडम, इथं विळा झालाय."

जे फुंकरीत दिसत नाही

फाउंड्री, भट्टा, क्रशरवाल्यांनी हे नीट वाचा. वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस सुरुवातीला फुंकरीत बिलकुल दिसत नाही अशी उदाहरणं आहेत. तो छातीच्या एक्स-रेत आधी दिसतो. सीओपीडीचं उलटं, सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ आणि फुंकर बिघडलेली. म्हणून तुमच्यासाठी दोन्ही लागतात. आणि कुठं काम केलं, किती वर्षं, मशीन ओली होती का कोरडी, मास्क कसला, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. सिलिकोसिस हा कायद्यानं नोंद करण्याचा आजार आहे, ती नोंद पुढं भरपाईच्या कामी येते.

कापसावर काम करणाऱ्यांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडाभरात कमी होते. त्यांनी त्याच दिवशी कामाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा फुंकर मोजून घ्यावी. सुट्टीच्या दिवशी मोजली तर काहीच सापडत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका, तो फार उशिरा घसरतो. कोविडनंतर घराघरात आलेलं तीन गोळ्यांचं खेळणं श्वासाच्या व्यायामाचं साधन आहे, त्यानं आजार कळत नाही. मोबाईलवर फिरणारा 'श्वास इतके सेकंद रोखा' तर सोडूनच द्या. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायची छोटी नळी, मात्र कामाचं, दम्यासाठी. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन वेळा फुंकून सगळ्यात मोठा आकडा दोन आठवडे वहीत लिहा. रोजच्या रोज १० टक्क्यांहून जास्त वरखाली होत असेल तर दमा असण्याचा संशय घ्यावा लागतो. सीओपीडी नाही हे त्यावरून ठरत नाही.

कुठं, आणि त्यानंतर

बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्सच्या रुग्णालयात, नेहरूनगरातल्या केएलईच्या रुग्णालयात किंवा छातीच्या खासगी डॉक्टरांकडं चौकशी करा. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असलेल्यांनी आधी आपल्या ईएसआय दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी, खिशातले पैसे नंतर. विचारताना "पंपाआधी आणि पंपानंतर दोन्ही करता का?" एवढं विचारा. "एकदाच करतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडं बघा.

काही सापडलं तर विडी बंद, पंप डॉक्टर सांगतील तसा, आणि कामावर कोरडी धूळ उडणार नाही अशी जागा मागून घ्या. गेलेलं परत येत नाही, पण उताराचा वेग कमी होतो, आणि सहा महिन्यांनी किंवा वर्षानं केलेल्या दुसऱ्या टेस्टमध्ये तो दिसतो. ती शक्यतो त्याच ठिकाणी करा. यंत्र किंवा त्यातले तुलनेचे आकडे बदलले की टक्केवारी उगीच वरखाली होते, तेव्हा टक्क्यांपेक्षा लिटरचे आकडे जुळवून बघा.

राहिला कागद. छोट्या यंत्रांतून येणारा गुळगुळीत कागद बसच्या तिकिटासारखा असतो, वर्षभरात पुसट होतो. त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा. आणि लॅमिनेशन करू नका. परवाच एक दादा मोठ्या काळजीनं लॅमिनेट केलेला पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन आले. यंत्राच्या उष्णतेनं अख्खा कागद काळा पडला होता, फक्त कोपऱ्यातलं पेनानं लिहिलेलं नाव तेवढं वाचता येत होतं.